बॅटरी नवी, तरी सेल्फ फिरेना: वाचकांचे प्रश्न

पावसाळा संपला, धरणं भरली आणि चार महिने ताडपत्रीखाली पडलेल्या बोटी बाहेर निघाल्या की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो. या वेळी जवळजवळ सगळी पत्रं आउटबोर्ड मोटरच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाच्या) बॅटरी आणि वायरिंगवरच आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत. सुरुवातीलाच सांगतो, घरात मल्टीमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर) नसेल तर आधी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन एक साधा घेऊन या, कारण खालच्या बहुतेक उत्तरांचा त्याच्याशिवाय काही उपयोग नाही.

प्रश्न: माझी १६ फुटी फायबरची बोट पानशेतच्या बॅकवॉटरला असते. ४० हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटर, सेल्फ स्टार्ट. गेल्या वर्षी बोट मागे बसायची म्हणून बॅटरी पुढच्या सीटखाली नेली आणि वायर जोड देऊन वाढवली. आता किल्ली फिरवली की टिक्क असा एकच आवाज येतो आणि पुढे काही नाही. एक मेकॅनिक म्हणाला बॅटरी गेली, नवी घेतली. दुसरा म्हणाला सेल्फ गेला, त्याचे कार्बन बदलले. तरी तेच. मीटरवर बॅटरी १२.६ दाखवते.
(एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर: दोन मेकॅनिक, दोन बिलं, आणि मीटर लावला तो फक्त बॅटरीच्या टोकांना. १२.६ हा आकडा खोटा नाही, बॅटरी फुल आहे, पण तो बॅटरी आराम करत असतानाचा आकडा आहे. रात्री दोन वाजता लकडी पूल बघितला तर केवढा रुंद वाटतो, त्याची परीक्षा संध्याकाळी सातला. वायरमधून शंभर-सव्वाशे अँपिअर जायला लागले की मगच कळतं कुठे अडतंय. केबलच्या शंभर तारांपैकी नव्वद तुटलेल्या असल्या तरी बिनलोडाला मीटर १२.६च दाखवणार.

आता आवाजाकडे या. एकच टिक्क येतोय म्हणजे किल्ली, मेन फ्यूज, न्यूट्रलचा स्विच हे सगळं ठीक आहे, सोलेनॉइडला (बारक्या करंटवर ओढला जाऊन सेल्फचा मोठा करंट जोडणारा स्विच) त्याचा करंट मिळतोय आणि तो ओढतोय, फक्त मोठा करंट पुढे जात नाहीये. टकटकटकटक असा आवाज असता तर बॅटरी उतरलेली किंवा जोड अर्धवट धरलेला असं म्हटलं असतं, सोलेनॉइड ओढतो, व्होल्टेज पडतं, तो सुटतो, परत ओढतो असं चाललेलं असतं. आणि काहीच आवाज नसता तर फ्यूज, न्यूट्रल स्विच आणि किल्लीच्या मागचा प्लग बघायला सांगितलं असतं.

माझा संशय त्या वाढवलेल्या वायरीवर आहे. ती कसली घातलीत ते लिहिलं नाहीये, पण घरी एसीला वापरतात तशातलीच जाड वायर घालायची पद्धत आहे म्हणून १० स्क्वेअर एमएम धरतो. १६ फुटी बोटीत पुढून मागे जाऊन परत यायचं म्हणजे प्लस-मायनस मिळून नऊएक मीटर लांबी होते. १० एमएमच्या तांब्याचा एवढ्या लांबीचा रेझिस्टन्स साधारण १६ मिलीओम, त्यातून १२० अँपिअर गेले की जवळपास दोन व्होल्ट वाटेतच संपले, आणि यात तो मधला जोड धरलेलाच नाही. तो जर नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला असेल तर बोलायलाच नको. तीच लांबी ३५ एमएमच्या केबलने केली तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास जातो, ते चालतं.

पण माझ्या संशयावर विसंबून केबल विकत घेऊ नका, आधी मोजा. सीटचं झाकण उघडून थोडा वेळ तसंच ठेवा, पेट्रोलची वाफ साठलेली असेल तर निघून जाईल. गिअर न्यूट्रलला, इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या किल स्विचची लाल दोरी काढलेली (बऱ्याच मोटरी दोरी काढल्यावर फिरतात पण पेटत नाहीत, आपल्याला तेच हवंय, काही मॉडेल फिरतही नाहीत, तिथे दोरी लावून काम करावं लागेल), आणि पंख्याजवळ कुणी नको. मीटर २० व्होल्ट डीसीला ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, खुंटीवर. काळं टोक मोटरच्या कव्हरखाली सोलेनॉइडच्या त्या बोल्टवर जिथे बॅटरीची केबल येते. आता दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगा. मीटरवर जे दिसेल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत मेले. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, त्याच्या वर असेल तर एकेक जोड पकडून मोजत जा, ज्या जोडावर एकदम पाच-सात व्होल्ट उडी मारतील तोच चोर. मग हेच मायनसला, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नको. माझा अनुभव असा की दहापैकी सात वेळा चोर मायनसकडे सापडतो, कारण प्लसकडे सगळे बघतात आणि अर्थिंगकडे कुणी बघत नाही. शेवटी सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवर मीटर लावून किल्ली फिरवा. टिक्क होऊन तिथे पूर्ण १२ दिसत राहिले तर सोलेनॉइडचे आतले पॉइंट जळालेत, तो बदला. आणि हे सगळं नीट निघालं पण किल्ली मारल्यावर बॅटरीच्या खुंट्यांवरच साडेनऊच्या खाली जात असेल, तर आणि तरच बॅटरीला नावं ठेवा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये दोन मिनिटं जाऊ द्या.

दुरुस्ती करताना केबल एकसंध घ्या, मधे जोड नको. बहुतारी, कथिल चढवलेली तांब्याची केबल, तिला दाबून बसवलेले लग (टोकाला बसणारे भोकाचे तुकडे) आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. लग हातोडीने ठोकून बसवणारे लोक आहेत, नाना पेठेत बॅटरी केबल करणाऱ्यांकडे हायड्रॉलिक प्रेस असतो, त्यांच्याकडून करून घ्या. जुनी केबल कापून बघा, आतलं तांबं काळं पडलेलं असेल तर ते काळं आत हातभर गेलेलं असतं, नुसतं टोक छाटून भागत नाही. आणि बॅटरीवर ते हाताने आवळायचे पंखवाले विंग नट असतील तर आजच फेकून द्या. बोटीच्या हादऱ्याने ते ढिले होतात. बोहरी आळीत स्टीलचे नायलॉक नट मिळतात, पान्याने आवळा, जाड केबलचा लग सगळ्यात खाली आणि बाकीच्या बारक्या वायरी त्याच्यावर. पानशेतचं पाणी गोडं आहे म्हणून गंज येत नाही हा एक गोड गैरसमज आहे. गंज उशिरा येतो, येतो मात्र.

प्रश्न: काका, २५ हॉर्सपॉवरची मोटर, सेल्फ मस्त फिरतो, बॅटरी एकदम टाइट, पण इंजिन पेटतच नाही. प्लग नवे घातले, कार्ब्युरेटर खोलला, पेट्रोल नवं भरलं. कॉइल गेली असेल का?
(एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर: अरे बाबा, लाल क्लिप बघ. किल स्विचची दोरी जिथे अडकते तिथे क्लिप पूर्ण आत बसलीये का, आणि बसली असेल तर त्या स्विचच्या दोन वायरी काढून ठेवून एकदा स्पार्क बघ. साध्या मॅग्नेटोवाल्या (बॅटरीशिवाय स्पार्क देणाऱ्या) मोटरीत दोरी निघाली की किल स्विच स्पार्कची वायर इंजिनच्या बॉडीला जोडतो आणि स्पार्क तिथेच जिरतो, म्हणून वायर सोडवल्यावर स्पार्क आला तर स्विच खराब, नाही आला तर मग पुढे कॉइलकडे जाऊ. पण मग इंजिन बंद कसं करशील याचा विचार आधी करून ठेव, चोक ओढून किंवा पेट्रोलची नळी काढून. आणि स्विच बदलेपर्यंत त्याच अवस्थेत पाण्यात जायचं नाही, ती दोरी माणूस पाण्यात पडला तर पंखा थांबावा म्हणून आहे.

प्रश्न: मुळशीला बोट आहे, दर दोन-तीन आठवड्यांनी जातो. दर वेळी बॅटरी मेलेली. घरी आणून चार्ज केली की ठीक. दिवाळीच्या आधी अवकाळी पाऊस झाला तेव्हा तर बोटीत अर्ध्यापर्यंत पाणी होतं. म्युझिक सिस्टीम आहे, बोटीतलं पाणी उपसायचा बिल्ज पंप आहे, जीपीएस आहे. सगळे स्विच बंद करूनच येतो.
(एक वाचक, बावधन)

उत्तर: स्विच बंद करून येता यावर माझा विश्वास आहे, पण स्विच बंद केल्याने सगळं बंद होत नाही. गाडीतली म्युझिक सिस्टीम बोटीत बसवली की तिची पिवळी वायर, जी स्टेशन आणि घड्याळ लक्षात ठेवते, ती सरळ बॅटरीला जोडलेली असते. नुसते ५० मिलिअँपिअर म्हटले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि महिन्याला ३६. म्हणजे ७५ अँपिअरच्या बॅटरीतलं जवळपास अर्धं गाण्याच्या आठवणीत गेलं.

मोजायचं कसं, तर सगळं बंद करून बॅटरीची मायनस केबल काढा, मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून एक टोक मायनस खुंटीला आणि दुसरं काढलेल्या केबलला. मीटर असा मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल, स्वस्तातला असेल तर मीटरच. १०-२० मिलिअँपिअर असेल तर सोडून द्या. अर्धा अँपिअर दिसला तर तुमची ७५ ची बॅटरी तीन दिवसांत अर्ध्यावर येते हे सरळ गणित आहे, मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडेल ती लाइन धरा.

पावसाचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि ते जास्त गंभीर. बिल्ज पंपाला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा) असतो, पाणी चढलं की पंप आपोआप चालू. ताडपत्रीला भोक असेल किंवा मध्ये झोळ पडून पाणी आत गळत असेल तर पंप रात्रभर चालू-बंद होत राहतो, एके क्षणी बॅटरी संपते, पंप थांबतो आणि बोट भरायला लागते. तुम्हाला वाटतं बॅटरी मेली म्हणून पाणी साठलं, खरं तर पाणी येत होतं म्हणून बॅटरी मेली. ताडपत्री मधून उंच राहील असा बांबू द्या आणि फ्लोट स्विचमध्ये पालापाचोळा अडकून तो वरच राहत नाही ना ते हाताने खालीवर करून बघा.

बॅटरीला एक मेन स्विच बसवा, जाताना तो बंद. फक्त बिल्ज पंप त्याच्या आधी, थेट बॅटरीवर, पण स्वतःच्या फ्यूजसकट आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज लांब पॅनेलवर ठेवला तर बॅटरी ते फ्यूज एवढी वायर उघडीच राहिली, ती घासून शॉर्ट झाली तर आग लागायला पेट्रोलची टाकी शेजारीच आहे. आणि हा मेन स्विच इंजिन चालू असताना कधीच बंद करायचा नाही, त्याचं कारण खालच्या पत्रात आहे.

जाता जाता, बॅटरीचा माथा पुसा. ओलसर धूळ आणि ॲसिडचा थर यातूनसुद्धा करंट झिरपतो. मीटरचं एक टोक मायनसला आणि दुसरं नुसतं बॅटरीच्या प्लास्टिकवर ठेवून बघा, व्होल्ट दिसले तर खायच्या सोड्याच्या पाण्याने फडक्याने पुसा, बुचं घट्ट लावून, सोडा आत जाता कामा नये.

प्रश्न: चुलतभावाने बॅटरी लावताना प्लस-मायनस उलटं केलं, मोठी ठिणगी पडली. लगेच सरळ केलं. फ्यूज बदलला, मोटर चालू होते, चांगली पळते, पण आरपीएमचा काटा शून्यावर पडून आहे आणि तासाभराने बॅटरी कमी होते. काटा बदलू का?
(एक वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर: काट्याला हात लावू नका. बहुतेक आउटबोर्डमध्ये आरपीएमचा काटा चार्जिंगच्या सर्किटमधूनच सिग्नल घेतो, त्यामुळे काटा मेला आणि चार्जिंगही बंद म्हणजे तुमच्या रेक्टिफायरचे (कॉइलची वीज बॅटरीत भरण्याजोगी करणारा पार्ट) डायोड त्या ठिणगीत गेले असं जवळजवळ धरून चाला. मोटर चालते कारण स्पार्कची कॉइल वेगळी आणि चार्जिंगची वेगळी असते.

खात्री करायची तर मोटर पाण्यात किंवा पाणी भरलेल्या पिंपात चालवा (कोरडी चालवली तर पाणी खेचणारा इंपेलर जळतो, एका दुखण्याची दोन होतील) आणि रेस थोडी वाढवून बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये यायला हवं. १२.४ वरच बसून राहिलं तर चार्जिंग नाही. मग इंजिन बंद करून रेक्टिफायरचा प्लग काढा आणि मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून स्टेटरच्या (चार्जिंगच्या कॉइलच्या) एकेक वायरीपासून लाल वायरीकडे आणि मग टोकं उलटी करून मोजा. एका दिशेला काहीतरी आकडा आणि उलट दिशेला काहीच नाही, असं हवं. दोन्हीकडे शून्य किंवा दोन्हीकडे काहीच नाही, तर गेला. स्टेटर वाचलाय का ते पण बघून घ्या, त्याच्या दोन वायरींमध्ये एसी व्होल्टवर मीटर लावून इंजिन चालू करा, रेस वाढवली की आकडा वाढायला हवा, आणि इंजिन बंद असताना त्या वायरी आणि इंजिनची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी नको. वायरींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघूनच हात घाला.

नवा रेक्टिफायर बसवताना बॉडीशी घट्ट आवळा, त्याची उष्णता तिथूनच जाते. आणि चालू इंजिनवर बॅटरी काढू नका, मेन स्विच बंद करू नका. स्टेटर वीज देत राहतो, ती पचवायला बॅटरी नसते आणि व्होल्टेज उसळून पुन्हा हाच पार्ट उडतो. जुन्या काही टू-स्ट्रोकना नुसता रेक्टिफायर असतो, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नसतो, त्या लांब अंतर फुल रेसने पळवल्या की व्होल्टेज १५ च्या पुढे जातं. तुमची तशी असेल तर पाणी टाकायची साधी बॅटरीच ठेवा, सीलबंद नको, आणि पाणी वरचेवर बघा. भावाला पुढच्या वेळेसाठी लाल टेप द्या.

प्रश्न: भिगवणला पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आमची बोट आहे. दोरीने चालू होणारी १५ हॉर्सपॉवरची मोटर. पहाटे अंधारात निघावं लागतं म्हणून एलईडी लावायचाय आणि मोबाइल चार्जिंग पण. मोटरमधून दोन वायरी आलेल्या आहेत, त्याला डायरेक्ट एलईडी लावला तर दोन दिवसांत उडाला. बॅटरी लावली तर चार्ज होत नाही.
(एक वाचक, कुंभारगाव)

उत्तर: त्या दोन वायरी लाइटिंग कॉइलच्या आहेत आणि त्यातून एसी, म्हणजे घरच्या विजेसारखा उलटसुलट वाहणारा करंट, येतो. रेस वाढली की व्होल्टेजही वाढतं, म्हणून एलईडी उडाला. एसी बॅटरीत भरला जात नाही, मध्ये रेक्टिफायर-रेग्युलेटर लागतो. मोटरच्या कंपनीचा महाग पडतो म्हणून बरेच जण मोटरसायकलचा लावतात, पण काही बाइकच्या युनिटमध्ये कॉइलचं एक टोक बॉडीला असतं असं गृहीत धरलेलं असतं आणि तुमच्या कॉइलची दोन्ही टोकं सुटी असू शकतात, तेव्हा न बघता जोडू नका.

पण खरं सांगू का, तुम्ही त्या भानगडीत पडूच नका. ही कॉइल ८० वॅटची धरली तरी फुल रेसला जेमतेम साडेसहा अँपिअर देणार, आणि तुमची बोट फुल रेसने जाते कधी? फ्लेमिंगो उडू नयेत म्हणून तुम्ही हळू जाता, जवळ गेल्यावर इंजिन बंद करून बांबूने ढकलता. तेवढ्यात बॅटरी भरणार नाही. त्यापेक्षा १२ व्होल्ट ७ अँपिअरची सीलबंद बॅटरी घ्या, यूपीएसमध्ये असते तीच. १० वॅटचा एलईडी पाऊण-एक अँपिअर खातो, बॅटरी निम्मीच वापरायची म्हटलं तरी चार तास मिळतात, तुम्हाला पहाटे तासभर लागतो. मोबाइल चार्जिंग हवंच असेल तर थोडी मोठी घ्या. घरी आल्यावर चार्जरला लावा, किंवा ४० वॅटचं सोलर पॅनेल आणि कंट्रोलर टपावर टाका, उजनीच्या उन्हाला तोटा नाही. फ्यूज घाला, ५ अँपिअरचा. बॅटरी डब्यात बांधून ठेवा, पाहुणे फोटोसाठी एका बाजूला धावतात तेव्हा ती घरंगळायला नको.

प्रश्न: घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअरची ट्यूब्युलर बॅटरी आहे, नवा इन्व्हर्टर घेतल्यामुळे पडून आहे. बोटीला चालेल का?
(एक वाचक, सहकारनगर)

उत्तर: नाही. तिच्या जाड प्लेट्स तासन्‌तास हळूहळू करंट द्यायला बनवलेल्या असतात, सेल्फला मात्र दोन-तीन सेकंदच पण भरपूर करंट लागतो, त्यासाठी पातळ आणि जास्त प्लेट्सची स्टार्टिंग बॅटरी हवी. सेल्फ फिरेलही कदाचित, पण ती पन्नास किलोच्या वरची उंच बॅटरी लाटेत कलंडली तर ॲसिड बोटीत आणि बोटीतून धरणात जाईल, आणि खडकवासल्याच्या साखळीतलं पाणी आपल्याच घरच्या नळाला येतं. मोडीत द्या, शिशाचे पैसे चांगले मिळतात.

प्रश्न: सेल्फ मारला की फिशफाइंडर (पाण्यातले मासे दाखवणारा) बंद होऊन परत चालू होतो. लिथियम बॅटरी टाकली तर थांबेल असं एकाने सांगितलं.
(एक वाचक, वारजे)

उत्तर: सेल्फ मारताना व्होल्टेज दहाच्या आसपास येणं नॉर्मल आहे, त्यात फिशफाइंडर रीसेट होतो, बिघाड काही नाही. त्याची वायर पॅनेलवरून काढून छोट्या फ्यूजसकट थेट बॅटरीवर न्या, बऱ्याचदा तेवढ्याने थांबतं, कारण पॅनेलपर्यंतच्या बारक्या वायरीतच अर्धा व्होल्ट जात असतो. तरी नाही थांबलं तर त्याला वेगळी ७ अँपिअरची बॅटरी. लिथियमचं म्हणाल तर बॅटरी फुल झाल्यावर किंवा तापल्यावर तिच्या आतलं बीएमएस, म्हणजे तिला सांभाळणारं सर्किट, तिला अचानक तोडतं, आणि चालू इंजिनवर बॅटरी तुटली की काय होतं ते वरच्या उलट्या बॅटरीवाल्या उत्तरात लिहिलंच आहे. मोटरच्या मॅन्युअलमध्ये लिथियम चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच स्टार्टिंगला लावा. फिशफाइंडरच्या वेगळ्या बॅटरीसाठी मात्र छोटी लिथियम खुशाल घ्या, हलकी पडते आणि रविवारी घरी घेऊन जाता येते, फक्त ती मोटरच्या चार्जिंगला जोडू नका.